पुढे ढकलता येणारी शस्त्रक्रिया : मधुमेह आणि सौंदर्यशस्त्रक्रिया

मधुमेह असलेल्या माणसाला केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया करून घेता येते का, या प्रश्नाचे आजच्या वैद्यकशास्त्राचे उत्तर बहुतेक वेळा ‘येते, पण कदाचित या महिन्यात नाही’ असे असते. पोटाची लोंबणारी कातडी काढणे, लायपोसक्शन, स्तनांचा आकार कमी-जास्त करणे, पापण्यांची किंवा चेहऱ्याची सैल त्वचा ताणून घेणे, नाकाचा आकार बदलणे, केशरोपण हे या वर्गातले नेहमीचे प्रकार. यांपैकी एकही न केल्याने कोणी दगावत नाही. अपेंडिक्स फुटले असेल, हर्निया अडकला असेल किंवा पायाला गँगरीन झाले असेल, तर साखर ३५० असली तरी रुग्णाला टेबलावर घ्यावे लागते. तिथे शल्यविशारद दोन धोक्यांतला लहान धोका पत्करत असतो. सौंदर्यशस्त्रक्रियेत तो दुसरा धोका नसतोच. म्हणून इथे जोखमीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि त्या हिशेबात रुग्णाच्या बाजूची सर्वांत मोठी जमा म्हणजे तारीख पुढे ढकलण्याची मोकळीक.

रूपासाठीची आणि गरजेपोटीची शस्त्रक्रिया यांच्यातली सीमा कागदावर जितकी ठळक दिसते तितकी रुग्णाच्या अंगावर नसते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांची बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे दुरुस्त केली. त्या कामाला शोभेचे काम म्हणता येणार नाही, कारण चेहऱ्यावरची रोगाची खूण पुसल्याशिवाय त्या माणसांना समाजात परतणे अवघड होते. उलट वजन चाळीस-पन्नास किलोंनी उतरल्यावर पोटावर जी कातडीची घडी लोंबते तिच्यात घाम साचतो, बुरशी धरते आणि मधुमेहात ती हटता हटत नाही. मग घडी काढणे हा त्वचारोगतज्ज्ञाच्या लेखी उपचार असतो आणि विमा कंपनीच्या लेखी हौस. हा मधला प्रदेश वगळून जो भाग उरतो तो या व्याख्यानाचा विषय आहे : त्रास काही नाही, आरशातले रूप बदलायचे आहे आणि अंगात एखादा कायमचा आजार मुक्कामाला आहे.

असा रुग्ण भारतात आता अपवाद राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज देतात. प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचेही त्याच पाहणीत आढळले. रूपावर खर्च करण्याइतका पैसा माणसाच्या हाती येतो तो चाळिशी-पन्नाशीत, आणि हे आजारही नेमके त्याच वयात दार ठोठावतात. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीतच पहिल्यांदा कळते. शस्त्रक्रिया झाली नाही तरी ती तपासणी वाया गेली असे म्हणता येत नाही.

मधुमेह आणि शस्त्रक्रिया यांचे वैर समजून घ्यायचे तर आधी जखम कशी भरते ते पाहावे लागते. कापल्यावर प्रथम रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी जमतात आणि जंतू व मेलेल्या पेशी साफ करतात. त्यानंतर नव्या केशवाहिन्या फुटतात, कोलॅजेनचे तंतू घातले जातात आणि पुढे महिनोन् महिने ते तंतू घट्ट विणले जातात. अगदी निरोगी माणसातही जखमेची ताकद पहिल्या आठवड्याअखेरीस मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के असते. तीन आठवड्यांनी ती २० ते ३० टक्क्यांवर येते, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्क्यांवर, आणि त्यापलीकडे ती फारशी जात नाही. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात तेव्हा रुग्णाला जखम भरली असे वाटते. खरे तर ती नुसती मिटलेली असते.

मधुमेह यातल्या प्रत्येक टप्प्यात आडवा येतो. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर रेंगाळली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. जंतूंपर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागतो आणि पोहोचल्यावरही त्या जंतूंना नीट गिळत नाहीत. वर्षानुवर्षे जास्त राहिलेली साखर प्रथिनांना चिकटून कोलॅजेन ताठर करते आणि केशवाहिन्यांच्या भिंती जाड करते, त्यामुळे प्राणवायू जखमेच्या कडेपर्यंत कमी पोहोचतो. नसा बधिर झालेल्या असतील तर दुखण्याची सूचनाही मिळत नाही, आणि पू झाल्याचे दोन दिवस उशिरा कळते. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात : आजची साखर आणि वीस वर्षांची साखर. पहिली गोळ्या-इन्शुलिनने काही आठवड्यांत ताळ्यावर आणता येते. दुसरीने रक्तवाहिन्या, नसा, मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा यांचे जे केले ते तारीख पुढे ढकलून परत येत नाही. म्हणून दोघांच्याही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे अहवाल ‘७’ दाखवत असले तरी तीन वर्षांचा मधुमेही आणि बावीस वर्षांचा मधुमेही हे शस्त्रक्रियेच्या दृष्टीने सारखे रुग्ण नव्हेत. पोट कमी करून घ्यायला आलेल्या माणसाचे मोजे उतरवून तळव्यांची संवेदना तपासणारा, लघवीतले अल्ब्युमिन पाहणारा आणि पडद्याची तपासणी झाली का असे विचारणारा डॉक्टर विषय सोडून बोलत नसतो.

शिवाय शस्त्रक्रिया स्वतःच साखर वाढवते. शरीराला ती इजाच वाटते. कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकॅगॉन उसळतात, यकृत साखर रक्तात सोडते आणि इन्शुलिनचा प्रभाव काही दिवस घटतो. मधुमेह नसलेल्याचीही साखर या काळात चढते.

हे सगळे एका जागी दिसते ते ‘टमी टक’मध्ये, म्हणजे पोटाची सैल कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेत. बेंबीखालची कातडी-चरबी ओटीपोटापर्यंत काढून टाकली जाते. बेंबीच्या वरची कातडी बरगड्यांपर्यंत स्नायूंवरून सोडवून पडद्यासारखी खाली ओढतात आणि बेंबीसाठी तिला नवे छिद्र पाडतात. सोडवताना स्नायूंमधून वर येणाऱ्या मधल्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, त्यामुळे हा पडदा पुढे जगतो तो वरून आणि दोन्ही कुशींकडून येणाऱ्या रक्तावर. त्या रक्तापासून सर्वांत दूरचा ठिपका म्हणजे खालच्या टाक्यांचा बरोबर मध्य, आणि ताणही तिथेच सर्वाधिक. निरोगी माणसात एवढे रक्त पुरते. वाहिन्या मधुमेहाने अरुंद झालेल्या असतील तर तो भाग पहिल्या-दुसऱ्या दिवशी निळसर होतो, चौथ्या-पाचव्या दिवशी गडद पडतो आणि मग काळी, कोरडी खपली धरतो. ती कधी रुपयाएवढी असते, कधी तळहाताएवढी. मेलेली कातडी कापून काढल्यावर जे उघडे राहते ते ड्रेसिंग करत करत भरायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि शेवटी जो व्रण उरतो तो लोंबणाऱ्या पोटापेक्षा बरा दिसतोच असे नाही. पित्ताशयाच्या जुन्या, उघड्या शस्त्रक्रियेचा उजव्या बरगडीखालचा व्रण असेल तर त्या बाजूने येणारे रक्तही आधीच तुटलेले असते. सिझेरियनचा आडवा व्रण मात्र काढल्या जाणाऱ्या कातडीबरोबरच निघून जातो.

कातडी जिवंत राहते ती तिच्या मुळाशी असलेल्या रक्तावर, ही गोष्ट पुण्याच्या परिसरात दोनशे वर्षांपूर्वी हाताने ठाऊक होती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाची हकीकत छापली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या या माणसाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा करून त्याच्या कपाळाची कातडी नाकावर वळवून बसवली. कातडीचा वरचा सांधा त्याने सुमारे पंचवीस दिवस तसाच राखला, आणि नव्या जागी रक्त धरल्यावरच तो तोडला. टाक्यांऐवजी त्याने काथाचा लेप वापरला होता. त्या पंचवीस दिवसांत जी शक्ती कामाला येते तीच मधुमेहात खालावलेली असते. सुश्रुतसंहितेत नाकाच्या पुनर्रचनेचे वर्णन आहे आणि प्रमेहात, म्हणजे मधुमेहाशी जुळणाऱ्या विकारात, उठणाऱ्या पिटिकांचेही, याची इथे आठवण व्हावी.

लायपोसक्शनमध्ये कातडी सोडवली जात नाही, त्यामुळे ती काळी पडण्याचा धोका कमी. तिथली अडचण निराळी आहे, आणि ती गैरसमजातून येते. पोटाची चरबी आणि मधुमेह यांचे नाते आता सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून चरबी ओढून काढली की साखर उतरेल असे गणित रुग्ण मांडतो, आणि ते खोडून काढण्याची घाई सौंदर्यकेंद्राला नेहमीच असते असे नाही. पण पोटावर चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. साखर बिघडवणारी चरबी मुख्यतः स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात असते. लायपोसक्शनची नळी तिथे पोहोचत नाही, पोहोचूही नये.

याची परीक्षा झालेली आहे. सॅम्युएल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १५ स्थूल स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सात जणींना टाइप २ मधुमेह होता. लायपोसक्शनने प्रत्येकीची सरासरी नऊ ते साडेदहा किलो चरबी काढली गेली. दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा मोजले तेव्हा इन्शुलिनचा प्रभाव, रक्तदाब, रक्तातली साखर आणि स्निग्धांश यांत लक्षणीय फरक नव्हता. तेवढीच चरबी आहार-व्यायामाने गेली असती तर हे सारे आकडे हलले असते, कारण शरीर उपाशी पडले की आतली चरबीही वापरते.

भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच लागू पडतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो त्याच २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून असा चरबीदार असू शकतो. हातपाय काटक आणि पोट तेवढे घागरीसारखे कडक, असा जो मध्यमवयीन पुरुष लायपोसक्शनसाठी येतो त्याच्या पोटावर चिमटीत धरण्याजोगे फारसे नसतेच. त्याला शस्त्रक्रियेने फायदा कमी आणि निराशा जास्त.

इन्शुलिन घेणाऱ्यांमध्ये आणखी एक गमतीचा प्रकार दिसतो. वर्षानुवर्षे बेंबीच्या आसपास त्याच दोन बोटे जागेत सुई टोचली की तिथे मऊ, रबरी गाठी उठतात. रुग्णाला तिथे दुखत कमी असल्यामुळे तीच जागा आवडती होते आणि गाठी वाढत जातात. त्या काढून टाकण्यासाठी रुग्ण येतो, तेव्हा जागा बदलणे हाच पहिला उपचार असतो. काही महिन्यांत गाठी पुष्कळ बसतात. मात्र गाठीतून इन्शुलिन हळू आणि बेभरवशाने शोषले जाते. निरोगी जागेवर तोच डोस घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून जागा बदलताना डोसही पाहावा लागतो.

तारीख ठरवण्यासाठी जो आकडा सर्वांत जास्त विचारला जातो तो एचबीए१सीचा, ज्याला बोलताना ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते हा आकडा सांगतो. नियोजित शस्त्रक्रियेसाठी तो शक्यतो ८ टक्क्यांच्या आत असावा, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वे ८.५ पर्यंत जातात. या मर्यादा गुडघा, मोतीबिंदू, हर्निया अशा सगळ्या नियोजित शस्त्रक्रियांसाठी आहेत. गुडघेदुखीने रात्र रात्र जागणाऱ्यासाठी ८.४ वर पुढे जाणे समजण्यासारखे आहे. पापण्यांच्या सुरकुतीसाठी तीच सवलत का द्यावी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. अनेक शल्यविशारद म्हणूनच रूपाच्या शस्त्रक्रियेत सात-साडेसातचा आग्रह धरतात, आणि तो रास्त आहे.

हा आकडाही फसवू शकतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर तो खोटाच कमी येतो. पूर्व विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो, काही समाजांत थॅलेसेमियाचे प्रमाण जास्त आहे; अशा रुग्णाचा ‘६.२’ पाहून निश्चिंत होणे धोक्याचे. तिथे घरच्या ग्लुकोमीटरची महिनाभराची वही, दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर किंवा फ्रुक्टोसामिनची तपासणी अधिक खरे बोलते. सिकलसेलमध्ये भुलेच्या काळात प्राणवायू कमी पडणे, अंग गार पडणे, पाणी कमी होणे यांचा वेगळाच धोका असतो, तो मुद्दा आणखी निराळा.

तारीख आधी ठरवून साखर तिच्यामागे पळवणे हा उलटा क्रम फार दिसतो. घरात मे महिन्यात लग्न, मार्चमध्ये शस्त्रक्रिया, जानेवारीत एचबीए१सी १०. मग इन्शुलिन झपाट्याने वाढवले जाते. साखर उतरते, पण एकदम उतरवल्याने दोन गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे वारंवार शुगर लो होणे. दुसरी कमी माहीत असलेली : डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आधीच झालेला असेल तर साखर वेगाने खाली आल्यावर तो काही काळ वाढतो. ज्याच्या डोळ्याखालच्या पिशव्या काढायच्या होत्या त्याच्या डोळ्याच्या आत रक्तस्राव व्हावा, हा सौदा कोणालाच परवडणारा नाही. पडदा आधी तपासून तीन-चार महिन्यांत सावकाश उतरवलेली साखर बरी.

भारतात शस्त्रक्रियेपूर्वी ‘फिजिशियनचे फिटनेस’ मागितले जाते. पुष्कळदा ते प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहिलेल्या ‘शस्त्रक्रियेस हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचे असते. त्यात शस्त्रक्रिया कोणती, किती तासांची, कोणती औषधे कधी थांबवायची, यातले काही नसेल तर तो कागद रुग्णाच्या नव्हे, रुग्णालयाच्या संरक्षणाचा असतो. अमेरिकेत हा प्रश्न एका मृत्यूनंतर कायद्यात आला. गायक कान्ये वेस्ट यांच्या आई, शिकागोतल्या विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक राहिलेल्या डॉ. डॉंडा वेस्ट, नोव्हेंबर २००७ मध्ये लायपोसक्शन आणि स्तनांच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी वारल्या. त्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असल्याचे शवविच्छेदनात दिसले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २००९ साली त्यांच्या नावाने कायदा केला. त्यानुसार सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आधी शारीरिक तपासणी आणि लेखी वैद्यकीय मंजुरी सक्तीची झाली.

औषधांच्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत चित्र पालटले आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या जुन्या गोळ्या साधारणतः शस्त्रक्रियेच्या सकाळी थांबवतात. दीर्घ काळ चालणाऱ्या इन्शुलिनचा डोस पाऊण हिश्शाच्या आसपास आणतात. खरी सावधगिरी लागते ती डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या ‘लघवीतून साखर काढणाऱ्या’ गोळ्यांत. उपाशी पोटी आणि शस्त्रक्रियेच्या ताणाखाली या गोळ्या रक्तात कीटोन आम्ले वाढवू शकतात, आणि तेही साखर जेमतेम दीडशे-दोनशे असताना. रुग्ण ओकतो, धापा टाकतो, पोट दुखते म्हणतो. साखर बरी आहे म्हणून सगळे भुलेवर ढकलले जाते, आणि निदानाला उशीर होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस बंद ठेवायला सांगितले. भारतात त्या बहुधा मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत येतात, त्यामुळे आपण ही गोळी घेतो हेच रुग्णाला ठाऊक नसते. गोळ्यांची नावे तोंडी विचारण्यापेक्षा पाकिटेच पिशवीत घालून आणायला सांगणे उत्तम.

दुसरा गट आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड, तिर्झेपाटाइड या इंजेक्शनांचा. यांनी जठर उशिरा रिकामे होते. रात्री जेवून आठ तास उपाशी राहिलेल्याच्या पोटातही अन्न सापडू शकते आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये आधीचा एक आठवडा इंजेक्शन टाळायला सांगितले. २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनाने हे रुग्णागणिक ठरवावे आणि जिथे शंका आहे तिथे आदला दिवस पातळ आहारावर ठेवावे अशी भूमिका घेतली. तिर्झेपाटाइडचे ‘मौंजारो’ हे इंजेक्शन मार्च २०२५ पासून भारतात मिळू लागले आहे, आणि ते फक्त वजनासाठी घेणारे पुष्कळ जण ‘डायबेटिसची औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. सौंदर्यशस्त्रक्रियेकडे नवे रुग्ण आणणारी औषधेही हीच. वजन झरझर उतरले की गाल बसतात, दंडाची आणि पोटाची कातडी सैल पडते. अशा वेळी वजन काही महिने, शक्यतो सहा, एका जागी थांबेपर्यंत वाट पाहतात आणि प्रथिने, लोह, बी१२ भरून काढतात. मेटफॉर्मिनवर असलेल्या शाकाहारी माणसात बी१२ कमी असण्याची शक्यता जास्त धरून चालावे.

तंबाखूबद्दलचा प्रश्न महाराष्ट्रात नीट विचारला जात नाही. ‘सिगारेट ओढता का?’ याला मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, तंबाखू-चुना मळणाराही ‘नाही’ म्हणतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. निकोटिन हिरड्यांतून गेले काय किंवा धुरातून गेले काय, त्वचेच्या वाहिन्या आवळतेच. न्यूयॉर्कचे थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवले की चेहरा ताणून घेतलेल्या धूम्रपानींमध्ये कातडी मरण्याचे प्रमाण इतरांच्या बारा पट होते. मधुमेह आणि तंबाखू एकत्र असतील तर आधी किमान चार आठवडे ती सोडल्याशिवाय कातडी सोडवण्याची शस्त्रक्रिया करू नये. गुडमार, मेथी, जांभूळबी यांची चूर्णेही अशीच विचारल्याशिवाय सांगितली जात नाहीत, कारण रुग्ण त्यांना औषध मानत नाही.

इतर आजारांबद्दल थोडक्यात. हृदयात औषधी स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या सहा महिने, हार्ट अटॅकनंतर बसवला असेल तर वर्षभर थांबवता येत नाहीत. तोवर रूपाची शस्त्रक्रिया नाही. थायरॉइड कमी असेल तर गोळीने तो ताळ्यावर येईपर्यंत थांबणे सोपे असते. संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असेल तर कातडी पातळ होते, जखम रेंगाळते आणि भुलेच्या वेळी जादा स्टेरॉइड द्यावे लागू शकते. मूत्रपिंड अधू असेल तर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या वर्ज्य. केशरोपण, बोटॉक्स, फिलर यांत धोका कमी असतो. केशरोपणात मात्र रुग्ण सहा-आठ तास बसून किंवा पालथा असतो, सकाळची गोळी घेतलेली असते आणि जेवण लांबते. शुगर लो होण्याची ही हुकमी तयारी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली केशरोपण प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे आणि यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही, असे स्पष्ट केले, यावरून बाजाराची अवस्था कळते.

प्रत्यक्ष दिवशी मधुमेही रुग्णाचा नंबर सकाळी पहिला लावतात, म्हणजे उपास लांबत नाही. साखर १०० ते १८० च्या दरम्यान राखायची असते. याहून कडक राखण्यात शहाणपण नाही, कारण भुलेखालच्या माणसाला घाम, थरथर, घाबरे होणे यांतले काही सांगता येत नाही. लायपोसक्शनच्या द्रवात ॲड्रेनलिन असते, तेही साखर चढवते. एका बैठकीत पाच लिटरांहून अधिक काढण्याचा किंवा पोट, स्तन, मांड्या एकदम उरकण्याचा आग्रह ‘पॅकेज’मध्ये स्वस्त पडतो, दीर्घ आजारी माणसात भुलेचा वेळ, रक्तस्राव आणि पायात गुठळी होण्याची शक्यता त्याबरोबर वाढत जाते.

घरी गेल्यावरचे दोन आठवडे बहुतेक माहितीपत्रकांत दोन ओळींत संपतात. वेदना आणि जागरणाने साखर चढलेली असते, म्हणून ग्लुकोमीटर दिवसातून तीन-चारदा. टमी टकनंतर पोटावर सुई टोचता येत नाही; इन्शुलिन मांडीत किंवा दंडात घ्यावे लागते, तिथून ते थोडे सावकाश लागू होते, आणि सेन्सर पोटावर असेल तर तोही हलवावा लागतो. पोटाभोवतीचा आधाराचा पट्टा आवळून बांधल्यावर नसा बधिर असलेल्या माणसाला तो रुतल्याचे कळत नाही, तेव्हा रोज एकदा सोडून कातडी पाहावी. पोटाची त्वचा कित्येक महिने सुन्न राहते. घरातले कोणी मायेने शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी ठेवते, रुग्णाला ऊब लागत नाही म्हणून ती आणखी वेळ राहते, आणि फोड आल्यावर भाजल्याचे लक्षात येते. तीन-चार आठवड्यांनी, सगळे सुरळीत वाटत असताना लायपोसक्शनच्या छिद्रांभोवती लालसर, न दुखणाऱ्या गाठी उठल्या तर नेहमीच्या प्रतिजैविकांचे कोर्स करत न बसता पू तपासायला द्यावा. नळाच्या पाण्यातून किंवा नीट निर्जंतुक न झालेल्या नळ्यांतून येणारे, क्षयाच्या कुळातले जंतू त्यामागे असू शकतात आणि त्यांची औषधे महिनोन् महिने चालतात.

हा सारा खर्च रुग्णाच्या खिशातला असतो. भारतात आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली आहे; अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना धरली जाते. जीएसटीतून आरोग्यसेवेला मिळणारी सूटही अशा शस्त्रक्रियांना नाही. चिघळलेल्या जखमेचा खर्च विम्यात बसतो का यावर वाद होतात, म्हणून तो प्रश्न आधी लेखी विचारलेला बरा. संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितले की संमती त्या विशिष्ट उपचारापुरती आणि पुरेशा माहितीवर आधारलेली असावी. मधुमेही रुग्णाच्या संमतिपत्रात त्याच्या मधुमेहामुळे वाढणारे धोके वेगळे लिहिलेले नसतील, सगळ्यांसाठीचा छापील कागदच पुढे केला असेल, तर ती माहिती पुरेशी म्हणता येत नाही.

व्रण जाड राहिला, एक बाजू उंच-खाली झाली किंवा बेंबी वाकडी बसली, तर दुरुस्तीची छोटी शस्त्रक्रिया करता येते. ती सहा महिने ते वर्ष थांबून करतात, कारण तोवर कोलॅजेनचे विणकाम चालूच असते आणि बरेचसे आपोआप सपाट होते. त्या वेळी पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीचे अहवाल चालत नाहीत. एचबीए१सी, मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा यांची तपासणी नव्याने करावी लागते.